तुतीखालची वाटणी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगून टाकते, घरी सगळे धडधाकट आहेत. कुणी आजारी नाही, कुणी पडलेलं नाही. फोनवर न सांगता जे लिहून कळवतात ते वाईटच असतं, ही सासूबाईंची शिकवण तुझ्याही डोक्यात पक्की असणार. तसलं काही नाही. बातमी एवढीच की सासूबाईंच्या त्या पिवळ्या प्रिमरोझला यंदाचं पहिलं फूल आलंय, मागे कळ्यांचा घोळका आहे, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

हसू नकोस. हसली नसशीलच म्हणा. तू आधी समोरच्याला नीट न्याहाळतेस आणि मग हसतेस, तोवर तो बिचारा आपण काय बोललो तेच विसरलेला असतो. पण खरंच सांगते, सकाळपासून मशीनवर धड बसलेली नाही. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम अंगावर घेतलंय, खोलीभर कापडाचे ढीग पडलेत, आणि मी एक चूण घातली की उठते, मागच्या दाराने अंगणात जाते, तुतीखाली वाकून बघते आणि परत येते. सुई मोडली. एका पडद्याला अस्तर उलट्या बाजूने लावून बसले, ते सगळं उसवायचंय. हे म्हणाले, "तू टक लावून बघितलंस म्हणून पुढची कळी घाबरून उमलणार आहे का?" ह्यांचं बरं आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाट बघायची सवय असते. मला ती कधीच नव्हती. "दोन सुना मिळाल्या, एक भिंगरी आणि एक खुंटी," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. आता खुंटी तिकडे आणि भिंगरी इकडे एकटीच गरगरते आहे.

झाड एकच उरलंय गं. मागच्या उन्हाळ्याने बाकीची सगळी नेली. तुमच्याकडे कसा होता कोण जाणे, इथे तर दुपारी नळाचं पाणी अंगावर घेववत नव्हतं. मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. कुंडीत कुंडी ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली. मुळांशी तुतीचाच कुजलेला पाला घातला. बाजूने गोणपाट बांधलं, वरून पडद्यांच्या अस्तराचे उरलेले तुकडे जोडून छत केलं. ह्यांनी त्यावरूनही टोमणा मारलाच, "माणसांना एक पंखा आणि झाडांना पडदे!" रोज पहाटे पाणी, तेही मुळाशी, पानांच्या मधोमध थेंब पडू द्यायचा नाही. पानं उलटून लाल कोळी बघायचा, दिसला तर ओल्या फडक्याने पुसायचा. सगळं सासूबाईंसारखं. तरी एकेक करत जात राहिली. ऐन उन्हात पानं जातात आणि नुसता कोंब मातीत दडून बसतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मी घाबरले नव्हते. थंडी पडली की सगळ्या उठतील म्हणून थांबले. उठली एकच.

तुला तुझी बादली आठवते का? तू नवी नवी होतीस. भर दुपारी बाहेर आलीस, सगळी पानं लोळागोळा झालेली बघितलीस, आणि कुणाला न विचारता बादलीभर पाणी ओतून मोकळी झालीस. सासूबाई रागावल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांनी तुला ते झाड उपटायला लावलं आणि मूळ नाकाशी धरायला सांगितलं. "माणूस घेरी येऊन पडलं तर त्याला कढत पाण्यात बसवशील का? दुपारी मान टाकतात त्या, संध्याकाळी आपल्या आपण उचलतात. तेवढा वेळ आपण हात बांधून उभं राहायचं." तो कुजका वास तुला जेवतानाही येत होता आणि तू ताट सरकवून उठलीस. मी मोरीत जाऊन इतकी हसले की मला ठसका लागला, मग तूही आलीस आणि आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसत राहिलो. या घरात मला परक्यासारखं वाटायचं बंद झालं ते त्या दुपारी. तुझ्याही आधी कितीतरी वर्षं मी इथे नांदत होते, पण हसायला कुणी नव्हतं.

मधेच उठले होते. बाहेर वारं सुटलंय, कोरडं, अजून गरम नाही पण होणार असं सांगणारं. फूल ठीक आहे.

सासूबाईंनी त्या थंड डोंगराळ गावातून ही झाडं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. इथल्या उन्हात डोंगरावरचं फूल? पण त्या दर वर्षी बी धरायच्या. बोंडं जड होऊन मातीला टेकली की लगेच, ओलं असतानाच, ते बी पसरट कुंडीत पेरायच्या. ठेवून दिलेलं बी रुसून बसतं म्हणायच्या. पन्नास रोपं उगवायची, उन्हाळ्यातून चार तगायची, आणि त्या चारांच्या पोटचं बी पुढच्या वर्षी. बाकीची गेलेली बघून मला वाईट वाटायचं, त्यांना नाही. "इथे जन्मलं त्याला इथलं ऊन कळतं," एवढंच बोलायच्या. हे सगळं तुला मी का सांगते आहे? तुला माहीतच आहे. पण मला ते क्रमाने आठवून बघायचंय, कारण आपलं कुठे चुकलं ते मला परवाच कळलं.

त्यासाठी त्या मेल्या घड्याळाकडे यावं लागेल. नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकाचं भिंतीवरचं जुनं घड्याळ, किल्लीचं. भावजींनी हे दुकानात नसताना त्याच्या पोटातली सगळी चाकं काढून बॅटरीचं यंत्र बसवलं. गिऱ्हाईक खूश! किल्ली द्यायची कटकट गेली, रात्रीचे टोल गेले. आणि ह्यांनी येऊन मागचं झाकण उघडलं आणि भर गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "हे दुरुस्त नाही केलंस, हे मारलंस." भावजींनी डोळ्याचं भिंग काढून काउंटरवर ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेले, ते गेलेच. मला विचारशील तर दोघांचंही पटतं, हीच माझी पंचाईत. तिकडच्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तुझी बदली होत होती, ती तू नाकारणार होतीस, ती घेतलीस. भांडण त्या दोघांचं आणि अबोला चौघांचा. तू आणि मी कशावरून बोलायच्या थांबलो, सांगता येईल तुला? मला नाही येत. रोज वाटायचं, ती करेल फोन. तुलाही तेच वाटत असणार, आणि तू खुंटी, तू काही हलणार नाहीस.

टेम्पो दारात उभा होता तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. जो तो दुसऱ्याला जास्त देत होता, इतकी सगळी माणसं रागावलेली होती. "तुम्हीच घ्या," "नको, तुम्हालाच राहू दे." चमचेसुद्धा एक तुला एक मला करत वाटले. शेवटी आपण दोघी तुतीखाली आलो. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात रोपांकडे कुणी बघितलं नव्हतं, ती सगळी उन्हात जळून गेली होती, जुने दोनच गड्डे तगले होते, एक नळाशी, एक भिंतीशी. शहाण्या बायकांनी काय केलं असतं? दोन्ही गड्डे मधोमध फोडून अर्धं अर्धं घेतलं असतं. तू खुरपं हातात घेतलंस आणि मी म्हणाले, "नको गं, आता आणखी काही तोडायला नको." तू लगेच मान हलवलीस. दोघींनाही तोडातोडीचा इतका वीट आला होता. मग नळाशी होता तो अख्खा तुला, भिंतीशी होता तो अख्खा मला. किती समंजस वाटलो होतो आपण स्वतःला!

त्यानंतर माझ्याकडे बी म्हणून धरलं नाही. थंडी सुरू होताना मी गड्डा फोडायचे, चार-पाच तुकडे ओळीने लावायचे, फुलायचे सगळे झकास, आणि बोंडं रिकामी. कधी उन्हाला बोल लावला, कधी मधमाश्यांना. तुकड्यांचे तुकडे करून तरी किती करणार? ते सगळं एकच म्हातारं झाड, आणि दर उन्हाळ्याला थोडं थोडं थकणारं. गेल्या महिन्यात वन्सं आल्या होत्या. त्या दोन्ही घरी जेवतात आणि दोन्हीकडे मीठ कमी असतं म्हणतात. बोलता बोलता म्हणाल्या, तुझ्याकडे फुटक्या बादलीत ती पिवळी फुलं अजून आहेत, पण "बी काही धरत नाही, माझ्याच हाताला यश नाही बहुतेक," असं तू म्हणालीस. मी पोळी लाटायची थांबले. हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी इथे ओट्याशी उभी राहून स्वतःशी म्हणत आले होते.

तेव्हापासून ही अस्वस्थता लागली आहे. एकीच्या हाताला यश नसेल, दोघींच्या कसं नसेल? परवा पडद्यांचं माप द्यायला एक बाई आल्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मापाचा टेप माझ्या हातात राहिला आणि मी त्यांनाच अंगणात ओढून नेलं. त्यांनी फूल बघितलं आणि म्हणाल्या, भिंग आहे का? आमच्या घरात भिंगाला काय तोटा. ह्यांचं आणून दिलं. त्यांनी मला फुलाच्या घशात बघायला लावलं. आत हिरवं बारीक डोकं दिसतं, अगदी माझ्या टाचणीच्या डोक्याएवढं. म्हणाल्या, काही झाडांच्या फुलात अशी टाचणी वर असते, आणि काहींच्यात टाचणी खाली दडलेली असते आणि वर परागांचा झुबका असतो. एका झाडाचं एकच. टाचणीवाल्याला झुबकेवाल्याचा पराग लागतो, झुबकेवाल्याला टाचणीवाल्याचा. आपल्याच जातीचा आपल्याला जवळजवळ चालतच नाही. "तुमचं हे टाचणीचं, म्हणजे त्याच गड्ड्याचे बाकीचे तुकडेही टाचणीचेच. दुसरं कधी नव्हतंच का तुमच्याकडे?"

मी म्हणाले, होतं. वाटणीत गेलं.

कळतंय ना तुला? दोन गड्डे शेजारी होते तोवर बी धरत होतं. माझे सगळे टाचणीचे. म्हणजे नळाशी होता तो झुबक्याचा असलाच पाहिजे. आपण इतकी काटेकोर, इतकी गोडीगुलाबीची वाटणी केली, की एकीकडे सगळ्या टाचण्या आणि दुसरीकडे सगळे झुबके. त्या दिवशी खुरप्याचा एक घाव घातला असता, थोडी मुळं दुखावली असती, तर आज दोघींच्या अंगणात रोपं असती. न दुखावण्याच्या नादात आपण त्यांना मारायला बसलो होतो. बाई गेल्यावर मी तिथेच तुतीच्या बुंध्याला टेकून बसले आणि रडले. फुलासाठी रडले असं ह्यांना सांगितलं.

आता हे एक झाड आहे. यंदाचा उन्हाळा ते काढील असं मला वाटत नाही. गड्डा आतून पोकळ झालाय, बोटाने दाबलं की कळतं. बी धरलं तर यंदाच, ही फुलं आहेत तोवरच. बी धरलं की पन्नास रोपं, पन्नासातली चार, आणि सासूबाईंचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाही धरलं तर पुढच्या थंडीत मी तुतीखाली कशाला वाकणार?

काल जेवताना ह्यांना सांगून टाकलं, की मला तुझ्या गावी जायला हवं, कुंडी मांडीवर घेऊन. फुलाला फूल भेटवायला हवं, त्याशिवाय इलाज नाही. वाटलं, आता ताट वाजणार. काही वाजलं नाही. ताटातला भात संपवला. मग म्हणाले, "दुपारच्या गाडीने नको, रोप तापेल. पहाटेची पकड." हात धुऊन आत गेले आणि कपाटातून एक भिंग घेऊन आले. "फुलाच्या आत बघायला लागेलच. हे ने." त्यांचं स्वतःचं तर मशीनपाशीच पडलं होतं. हे दुसरं होतं, कडेला निळा दोरा गुंडाळलेलं. दोरा कुणी गुंडाळला होता ते तुला सांगायला नको. भावजींच्या डोळ्याला रुततं म्हणून तूच मागून नेला होतास, माझ्या रिळातून. इतकी वर्षं कपाटात पडून काचेवर धुळीचा कण नाही. मी ते लगेच पिशवीत टाकलं. बोलले असते तर त्यांनी ते परत कपाटात ठेवलं असतं.

आता जे सांगते ते ह्यांना ठाऊक नाही. बाई जाता जाता दारात थांबून म्हणाल्या होत्या, इतक्या लांब जायची गरजच नाही. झुबक्याचा पराग काढून, सावलीत जरा वाळवून, कागदाच्या पुडीत घातला आणि पोस्टाने पाठवला तरी चालतो. कुंचल्याने टाचणीला लावला की झालं. म्हणजे हे पत्र जसं तुझ्यापर्यंत आलं तशी तुझी पुडी माझ्यापर्यंत येईल. फुलांसाठी तेवढं पुरे आहे. तेव्हा पुडी आली तर मी समजेन. पराग लावीन, बी धरलं तर पेरीन, आणि जेवढी तगतील त्यातली बरोबर निम्मी तुला पाठवीन, आपल्या घराण्याची रीतच आहे. तुझ्याही टाचणीवाचून अडलेल्या फुलांसाठी इथला पराग धाडीन. रागावणार नाही. पण धाकटे, मला पुडी नकोय. झाडाचं निमित्त आहे, आणि ते निमित्त खरं आहे, पण झाड नसतं तरी मी काहीतरी शोधलंच असतं. मला तुझ्या ओट्यापाशी उभं राहून बडबडायचंय आणि तू बराच वेळ माझ्याकडे बघून मग हसलेली बघायचीय. भावजी दार उघडतील की नाही मला माहीत नाही. नाही उघडलं तर मी कुंडी घेऊन पायरीवर बसेन, तू तुझी बादली बाहेर घेऊन ये. फक्त आता पोस्टमन येईल तेव्हा त्याच्या हातात पुडी नसावी. एका कार्डावर 'ये' एवढंच लिही. फुलं अजून थोडे दिवस थांबतील. माझं काही सांगता येत नाही.

तुझीच,
भिंगरी